ओतीव की घडीव?

"अण्णा, काल एक हत्यार बघून आलो," मी फोनवर म्हणालो. पलीकडून लगेच विचारणा झाली, "कुठलं? बोरिंगचं का पार्टिंगचं?"

अण्णांच्या लेखी हत्यार म्हणजे लेथच्या टूलपोस्टमध्ये आवळून बसवतात ते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी चाळीस वर्षं फिटर म्हणून काढली. आमच्याकडे खंडेनवमीला तलवारी-बंदुका कधीच नव्हत्या. लेथ धुऊनपुसून त्याला झेंडूची माळ घालायची, आणि बेंचवर मायक्रोमीटर, कानशी, टॅपचा संच, हातोडी असं सगळं ओळीनं मांडून हळद-कुंकू वाहायचं. त्यालाच हत्यारांची पूजा म्हणायचे आणि त्या दिवशी कुणी कशाला हात लावायचा नाही. त्यामुळे टेक्ससमध्ये राहणारा आपला मुलगा पिस्तूल बघायला गेला असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

"पिस्तूल, अण्णा. अख्खं लोखंडी. ९ मिलिमीटरचं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. आता "कशाला पाहिजे?" असं विचारतील म्हणून मी उत्तर जुळवत होतो. त्यांनी विचारलं, "बॉडी ओतीव हाय का घडीव?"

कशाला पाहिजे, याचं उत्तर तरीही द्यायला हवं. मला भीती वाटते म्हणून मी ते घेत नव्हतो. कॉलेजात एनसीसीत असताना .२२ रायफलीनं पाच गोळ्या झाडायला मिळाल्या होत्या. आडवं पडून, गाल दस्त्याला टेकवून, श्वास धरून. तो शांतपणा पुढे पंचवीस वर्षं आठवत राहिला. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं, ती बातमी मी इथं बसून तीनदा वाचली. पण तेव्हा मी एच-वन-बीवर होतो. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, थोडे अपवाद सोडले तर, इथला संघराज्याचा कायदा बंदूक विकत घेऊही देत नाही आणि जवळ बाळगूही देत नाही. ग्रीन कार्ड हातात आलं, त्यानंतर कुठे शेजाऱ्याबरोबर रेंजवर जायला लागलो. वर्षभर भाड्याची पिस्तुलं वापरली आणि मग स्वतःचं एक असावं असं वाटू लागलं.

भाड्याच्या त्या पिस्तुलांनी बरंच काही शिकवलं. पहिले काही महिने हातात प्लास्टिकच्या फ्रेमचं, म्हणजे सांगाड्याचं, ग्लॉक होतं, सुमारे सातशे ग्रॅमचं. उत्तम यंत्र आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण एका शनिवारी काउंटरवरच्या माणसानं सीझेड ७५ बी पुढे ठेवलं आणि ते उचलताच मनगटाला एकदम ओळखीचं काहीतरी लागलं. एक किलो. अण्णांची जड हातोडी साधारण अशीच लागायची. गोळी सुटल्यावर मिळणारा धक्का दोन्ही पिस्तुलांत सारखाच असतो. साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगानं पुढे जाते, त्याची परतफेड हाताला करावीच लागते. पण किलोभराचं पिस्तूल सातशे ग्रॅमच्या पिस्तुलापेक्षा जवळपास तीस टक्के कमी वेगानं मागे येतं. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. रेंजवर मात्र नेम धरायची पुढची माशी उसळून पुन्हा खाचेत येऊन बसताना डोळ्यांना दिसते, आणि ती दिसली की माणूस डोळे मिटायचं सोडतो. माझं तसंच झालं.

या पिस्तुलाची कुळकथाही मला आवडते. फ्रांतिशेक कौत्स्की आणि त्याचा भाऊ योसेफ यांच्या हातून ते चेकोस्लोव्हाकियातल्या उहेर्स्की ब्रोदच्या कारखान्यात तयार झालं. नावातलं ७५ म्हणजे १९७५ साल. गोळी सुटल्यावर नळी किंचित खाली झुकते आणि स्लाइडशी, म्हणजे मागे-पुढे धावणाऱ्या वरच्या भागाशी, असलेलं तिचं कुलूप सुटतं, ही युक्ती अमेरिकी रचनाकार ब्राउनिंगच्या घराण्यातली आहे. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड फ्रेमला बाहेरून कवेत घेते, इथं मात्र ती फ्रेमच्या आत, दोन भिंतींमधून धावते. स्वित्झर्लंडच्या पी-२१० पिस्तुलातही तसंच आहे. तेव्हाच्या सरकारनं पेटंट गुप्त ठेवलं, त्यामुळे परदेशात त्याला संरक्षण मिळालं नाही आणि इटलीपासून इस्रायलपर्यंत त्याच बेतावर पिस्तुलं निघाली. त्या दोन भावांना त्याचं काय मिळालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. उद्यमनगरात असे किती तरी कारागीर मी पाहिलेत, ज्यांनी बेतलेलं जिग, म्हणजे काम पकडायचा साचा, दुसऱ्याच्या शेडमध्ये पोचलं आणि नाव कुठेच उरलं नाही.

तर अण्णांचा प्रश्न. ७५ बीची फ्रेम ओतीव पोलादाची. मेणाचा नमुना करून त्यावर साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पोलाद ओतायचं. हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "ओतीव वाईट नसतंय. ओतणारा वाईट असतो." शिरोलीच्या फाउंड्र्यांतून आलेलं कास्टिंग ते आधी नखानं वाजवून बघायचे, मगच मशीनवर घ्यायचे.

केटी गावाजवळच्या एका दुकानात दोन ७५ बी होती, एक नवं आणि एक वापरलेलं. वापरलेलं ४८० डॉलरला. मी मुद्दाम तेच आधी मागितलं. वापरलेल्या यंत्रात बघायला जास्त असतं. नव्यात फक्त कारखाना दिसतो, जुन्यात आधीचा माणूससुद्धा.

दुकानदारानं मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढून अडकवली, आत स्वतः पाहिलं, मला दाखवलं आणि मग उघड्या स्थितीतच पिस्तूल माझ्या हातात दिलं. त्यानं पाहिलं होतं तरी मी पुन्हा पाहिलं आणि काडतूस बसतं त्या पोकळीत, चेंबरमध्ये, करंगळी घालून खात्री केली. इथली ही रीत मला मनापासून पटते. हातातून हातात जाताना प्रत्येकानं नव्यानं तपासायचं, आणि त्यात कुणाला अविश्वास दाखवल्यासारखं वाटत नाही.

बाहेरून ठीक होतं. काळा रंग स्लाइडच्या टोकाला उडालेला, म्हणजे चामड्याच्या खोळीतून आत-बाहेर झालेलं. ते चालतं. पण मुठीच्या पट्ट्यांच्या स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या होत्या. अण्णांकडे कुणी मोटर दुरुस्तीला आणली की ते आधी स्क्रूची डोकी बघायचे. कुणी, किती वेळा आणि कोणत्या स्क्रूड्रायव्हरनं उघडलंय, हे तिथं कळतं. या पट्ट्या कुणीतरी बऱ्याचदा आणि घाईघाईनं काढल्या होत्या. मी ते मनात नोंदवलं आणि पुढे गेलो.

स्लाइड बंद करून, पुंगळी जिथून बाहेर पडते त्या खिडकीतून नळीची पाठ अंगठ्यानं दाबली. दाबल्यावर नळी खाली बसत असेल, तर कुलूप ढिलं झालंय. बसली नाही. स्लाइड आडवी हलवून पाहिली, केसभर ढिलेपणा होता, तेवढा हवाच. अगदी घट्ट बसवलेलं यंत्र धुळीत आणि काजळीत अडकतं. परवानगी घेऊन खोललं. डाव्या बाजूला मागे स्लाइडवर एक आणि फ्रेमवर एक अशा दोन बारीक रेघा असतात. स्लाइड थोडी मागे घेऊन त्या समोरासमोर आणायच्या आणि उजवीकडून स्लाइड-स्टॉपची पिन दाबून बाहेर काढायची. ही पिनच नळीला खाली-वर करते, सगळा मार तीच खाते, आणि या घराण्यात मोडणारा भाग म्हटला तर हाच. अनेक जण जादाची एक जवळ ठेवतात. मी ती दिव्याखाली फिरवून पाहिली. घासल्याची चकाकी होती, चीर नव्हती. नळीवरच्या कुलपाच्या पायऱ्यांच्या कडा जिवंत होत्या, गोल झालेल्या नव्हत्या. नळीत उजेड टाकून पाहिलं, पिळाच्या खाचा स्वच्छ होत्या आणि तोंडाच्या कडेला ठेच लागलेली नव्हती. ती कडा बिघडली की नेमाला अर्थ उरत नाही, बाकी सगळं ठीक असलं तरी. फ्रेमच्या आत स्लाइड धावते तिथं दोन्ही बाजूंना सारख्या लांबीचे चकचकीत पट्टे होते. म्हणजे सरळ चाललेलं यंत्र. माझा निम्मा निर्णय तिथंच झाला होता.

पुन्हा जोडलं, चेंबरमध्ये खोटं काडतूस घातलं. या पिस्तुलात ते घालूनच चाप ओढून बघावा. रिकामं सारखं ओढत राहिलं तर काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन अडवणारी बारीक गुंडाळी-पिन मार खाऊन वाकते. आधी घोडा खाली ठेवून लांब ओढ पाहिली. या ओढीत चापच घोडा मागे नेतो आणि सोडतो, त्यामुळे ती जड असते, चार-पाच किलोच्या घरातली. ही मात्र विलक्षण गुळगुळीत होती. मग घोडा मागे करून छोटी ओढ पाहिली.

मी असा चाप आधी कधी ओढला नव्हता. बोट टेकलं, थोडी मोकळी चाल संपली आणि पिकलेलं चिकू देठावरून सुटावं तसा घोडा सुटला. मी तीनदा, चारदा ओढला. भाड्याच्या पिस्तुलाचा चाप याच्यापुढे बैलगाडी वाटला. "बऱ्याच गोळ्या झाडून मऊ झालाय," दुकानदार म्हणाला. ते मला पटावंसं वाटत होतं. वापरानं गुळगुळीत झालेलं लोखंड मी लहानपणापासून पाहिलंय. अण्णांच्या व्हाइसचा दांडा आरशासारखा झाला होता, फक्त तळव्यांनी.

पण स्क्रूची ती कुरतडलेली डोकी डोक्यातून जाईनात.

एक चाचणी राहिली होती. पिस्तूल रिकामं, तोंड सुरक्षित दिशेला, घोडा मागे ओढलेला, सेफ्टी काढलेली, बोट चापापासून पूर्ण बाहेर. आता अंगठ्यानं घोड्याला मागून पुढे रेटायचं. घोड्याची खाच आणि तिला धरून ठेवणारं सिअरचं टोक, यांची पकड नीट असेल तर घोडा हलत नाही. मी रेटलं आणि घोडा सटकला. पुढे जाऊन अर्ध्यावरच्या खाचेत 'टक' करून अडकला.

ती अर्धी खाच त्याचसाठी असते. शिवाय बी म्हणजे ब्लॉक, चाप पूर्ण ओढल्याशिवाय फायरिंग पिनला पुढे जाऊच न देणारा. म्हणजे भरलेलं असतं तरी त्या क्षणी गोळी सुटली नसती, दोन पहारेकरी अजून जागे होते. पण पहिला झोपलेला होता. चाप मऊ करायला कुणीतरी सिअरवर कानस किंवा पॉलिश-पेपर चालवला होता आणि कोन बिघडवला होता. जिथं पकड हवी तिथलं लोखंड गेलं होतं. मला भुरळ पडली होती ती त्या गेलेल्या लोखंडाची.

मी दुकानदाराला दाखवलं. त्यानं स्वतः रेटून पाहिलं, पहिल्यांदा नाही सटकला, दुसऱ्यांदा सटकला. तो एक शब्दही न बोलता पिस्तूल आत घेऊन गेला आणि काचेच्या कपाटातली किमतीची चिठ्ठी काढून टाकली. मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

लहानपणी एकदा मी सुट्टीत शेडवर जाऊन, 'की' म्हणतात ती लोखंडी पाचर खाचेत बसत नव्हती म्हणून तिला सरळ कानशीवर घेतलं. चार हात मारले आणि ती बसली, मला फार बरं वाटलं. अण्णांनी ती बाहेर काढली, उजेडात धरली आणि स्क्रॅपच्या डब्यात टाकली. रागावले नाहीत. "कानशीनं नेलेलं परत येत न्हाई. आधी कुठं अडतंय ते बघ," एवढंच म्हणाले. मग निळा रंग लावून दोन्ही भाग एकमेकांवर फिरवले आणि नेमकं कुठं टेकतंय ते मला दाखवलं. तेवढ्याच ठिपक्यावर हात चालवायचा, बाकीच्याला लावायचा नाही. चाप मऊ करणारे चांगले गनस्मिथ इथंही आहेत, ते असंच काम करतात, मोजून, कोन राखून. त्या पिस्तुलावर हात चालवणाऱ्याला कुणी कधी निळा लावून दाखवलं नसावं.

नवं बघायला मी आठ दिवसांनी गेलो आणि बायकोला बरोबर नेलं. तिनं स्लाइड ओढायचा प्रयत्न केला, पहिल्यांदा बोटं घसरली. स्लाइड फ्रेमच्या आत बसते, त्यामुळे पकडायला बाहेर अगदी थोडी उरते. घामट हाताला हा त्रास खराच आहे. मग तिनं एका हातानं मागे ओढलं आणि दुसऱ्या हातानं मूठ पुढे ढकलली, तेव्हा जमलं. माझा हात लहान आहे. घोडा खाली असताना माझं बोट चापापर्यंत जेमतेम पोचतं, पेराऐवजी टोकच टेकतं. हे घेण्याआधी प्रत्येकानं स्वतःच्या हातानं बघावं. दुसऱ्याचा हात आपल्या कामाचा नाही. घोडा मागे असताना मात्र बोट अगदी बरोबर बसतं.

आणखी एक गोष्ट मला विचारात पाडत होती. ७५ बीला सेफ्टी आहे, पण घोडा सुरक्षित खाली उतरवणारी कळ नाही. भरलेल्या चेंबरवर घोडा उतरवायचा तर तो अंगठ्यानं धरून, चाप ओढून, हळूहळू सोडावा लागतो. अंगठा घसरला तर गोळी सुटणार. अशी कळ असलेलं बीडी नावाचं भावंड मिळतं, आणि कुणी हे घरात भरून ठेवणार असेल तर मी त्याला तेच घे म्हणेन. मी भरून ठेवणार नव्हतो. रेंजवर भरायचं, रेंजवर रिकामं करायचं आणि घोडा रिकाम्यावरच उतरवायचा, हे ठरवूनच ७५ बी घेतलं.

बायकोची एकच अट होती, तिजोरी आधी येईल, पिस्तूल नंतर. आमची मुलगी अकरा वर्षांची आहे. टेक्ससमध्ये आपल्या निष्काळजीपणामुळे सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर तो गुन्हा आहे, पण अट कायद्यामुळे आली नव्हती. मुलीच्या मैत्रिणी घरी येतात, कपाटं उघडतात, लपाछपी खेळतात. तिजोरी आली, काँक्रीटच्या जमिनीत बोल्ट मारून बसवली. गोळ्या वेगळ्या पेटीत, वेगळ्या किल्लीत. एका संध्याकाळी मुलीला सगळं उघडून दाखवलं, हातात दिलं नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी असं काही दिसलं तर हात न लावता तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं, हे तिच्याकडून म्हणवून घेतलं. तिनं विचारलं, "आजोबांना माहितेय?"

दुकानात बंदूक-खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरला, ग्रीन कार्ड दाखवलं, एफबीआयकडे चौकशी झाली आणि अर्ध्या तासात पिस्तूल माझं झालं. आपल्याकडे परवान्यासाठी किती महिने फेऱ्या मारतात ते मला ठाऊक आहे. आजोळच्या गावी एकांची बारा बोअरची बंदूक होती, निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला ते एसटीनं जायचे. ९ मिलिमीटर तर आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळतच नाही, .३२ वर भागवावं लागतं. तो अर्धा तास मला फार सोपा वाटला. इतकं सोपं असू नये, असंही वाटलं, आणि ते मी दुकानातून बाहेर पडल्यावर बायकोला बोलूनही दाखवलं.

नव्याचा चाप खरखरीत आहे. लांब ओढीत मध्येच वाळूचा कण सापडल्यासारखं होतं. घोड्याला मी अंगठ्यानं दहा वेळा रेटलं, जागचा हलला नाही. रेंजवर दोनशे गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही, सगळ्या पुंगळ्या उजवीकडे मागे एकाच ठिकाणी पडत होत्या. खरखर अजून आहे. ती हातानं जायला दोन वर्षं लागतील असा माझा अंदाज आहे.

त्या रात्री साफ करून झाल्यावर अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळ होती. चेंबर त्यांना दाखवला, रिकामा. त्यांनी चष्मा चढवला, फ्रेमच्या आतला भाग कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितला. ओतकामाचा खरबरीतपणा तिथं तसाच ठेवलेला असतो, जिथं काही घासत नाही तिथं. ते बघून त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आता फोन जवळ ठेव आणि ते मागं-पुढं कर. सावकाश."

शेडवर लेथचा बेअरिंग बघताना ते स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडस्टॉकवर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. फोन तसाच कानाला लावून, डोळे मिटून ते आता बसले होते. मी स्लाइड सावकाश मागे नेली, सावकाश पुढे आणली. पुन्हा एकदा.

"डाव्या बाजूला जरा कोरडं वाजतंय," अण्णा म्हणाले. "तेल घातलंस का न्हाई?"

डाव्या बाजूला घातलं नव्हतं. मी बाटली आणायला उठलो.